चौदा खुर्च्यांचं रेडिओ स्टेशन

मी जबलपूरच्या घमापुरातून बोलतोय. ज्यांनी जबलपूर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, घमापूर म्हणजे शहरातून रांझी आणि खमरियाच्या कारखान्यांकडे जाताना लागणारी दाट वस्ती. भेडाघाटचे संगमरवरी कडे बघायला येणारे लोक इकडे फिरकत नाहीत. इथे घराला घर लागून आहे, आणि विजेच्या खांबावर तारांचं असं जाळं आहे की त्यातली आपली तार कुठली हे लाइनमनलाही ओढून बघावं लागतं.

या तारांपैकी एका तारेवर आमच्या घरचं रेडिओ स्टेशन चालतं. आज त्याचीच गोष्ट सांगणार आहे. गोष्ट आणि हिशेब, दोन्ही. कारण इंटरनेट रेडिओ घरी सुरू करायचा म्हटलं की लोक आधी माइक कुठला घ्यावा हे विचारतात. माइक नंतर बघू. आधी कागद-पेन्सिल घ्या.

सुरुवात कशी झाली ते थोडक्यात. माझी आत्या बिलासपूरला असते. आज तिचं वय अठ्ठ्याहत्तर. दहाएक वर्षांपूर्वी तिची नजर हळूहळू गेली. डोळ्याच्या पडद्याचा आजार, कडेचं दिसतं पण मधलं दिसत नाही, म्हणजे अक्षर नेमकं जिथे असतं तिथेच काळा डाग. आयुष्यभर वाचणारी बाई. बिलासपुरात तिला मराठी वाचून दाखवणारं कोणी नाही. मुलगा हिंदी माध्यमात शिकलेला, सून छत्तीसगढची. मग माझ्या आईनं रोज संध्याकाळी फोनवरून तिला वाचून दाखवायला सुरुवात केली. पहिलं पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. त्यात नागपूर येतं, राजनांदगाव येतं, म्हणजे आमच्या मध्य भारतातल्या मराठी माणसाला ते परक्या मुलखातलं वाटत नाही.

महिनाभरात रायपूरच्या मावशीला कळलं. मग इंदूरच्या काकूंना. सगळ्यांना ऐकायचं होतं. फोनवर एका वेळी एकच माणूस. आई मला म्हणाली, “तुझं ते कॉम्प्युटरचं काही जमतंय का बघ. वन्संना वाचलेलं सगळ्यांना ऐकू जाऊ दे.”

मला वाटलं, यात काय मोठं! एक जुना लॅपटॉप होता, पडदा फुटलेला. त्यावर लिनक्स टाकलं. आइसकास्ट नावाची फुकट मिळणारी प्रणाली टाकली. इंटरनेटवर आवाज सोडण्यासाठी जगभर ती वापरतात, आणि ती इतकी हलकी आहे की दहा वर्षांचं जुनं यंत्रही तिला पुरून उरतं. दुसरी एक छोटी प्रणाली माइकचा आवाज घेऊन आइसकास्टला देते. तिचं नाव बट. नावावर हसू नका, काम चोख करते. दोन संध्याकाळींत सगळं जुळलं. मी दर्जा ठेवला एकशे अठ्ठावीस किलोबिट, स्टिरिओ. म्हटलं, आपल्या आईचा आवाज आहे, उत्तम गेला पाहिजे.

गणपतीचा पहिला दिवस. आरती झाली, आई वाचायला बसली. सात घरांनी एकदम रेडिओ लावला. पहिली दोन मिनिटं बरी गेली. मग आवाज तुटायला लागला. एक शब्द, मग शांतता, मग अर्धा शब्द. कोणा एकाचा नव्हे, सातही जणांचा. आई वाचतेच आहे, तिला काही कळत नाही. वरच्या मजल्यावरून भाऊ ओरडतोय की नेट बंद पडलं. आणि आत्याचा फोन आला. ती म्हणाली, “वहिनींना बरं वाटत नाहीये का रे? अडखळत वाचताहेत.”

ते वाक्य मला लागलं. आईचा आवाज मी अडखळवला होता.

त्या रात्री मी हिशेब केला. तो आधी करायला हवा होता. तोच आता तुमच्यासमोर मांडतो.

आकाशवाणीचा मनोरा आणि आपला घरचा रेडिओ यांत एक मूलभूत फरक आहे. मनोरा म्हणजे देवळातली घंटा. एकदा वाजवली की गावात दहा माणसं असोत की दहा हजार, वाजवणाऱ्याचे कष्ट तेवढेच. इंटरनेट रेडिओ म्हणजे घरोघर दुधाचा रतीब. प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळं माप. सात गिऱ्हाइकं असतील तर सात मापं, आणि ती सगळी एकाच कॅनमधून. तो कॅन म्हणजे आपल्या घरातून बाहेर जाणारा वेग, अपलोड.

इथेच पहिली फसगत होते. कंपनीच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो डाउनलोडचा वेग, बाहेरून घरात येणारा. तेव्हा आमच्याकडे तांब्याच्या तारेवरचं ब्रॉडबँड होतं, एडीएसएल. त्या नावातल्या पहिल्या अक्षराचा अर्थच ‘असमान’ असा आहे. येणारा रस्ता रुंद, जाणारा अरुंद. हे मुद्दाम तसं केलेलं, कारण बहुतेक लोक घेतात जास्त आणि देतात कमी. आपल्या देशात २००४च्या धोरणानं ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ किलोबिट असं ठरवलं. २०१३मध्ये ते ५१२ झालं आणि २०२३मध्ये २ मेगाबिट. ही सगळी मोजणी येणाऱ्या वेगाची. रेडिओवाल्याला लागतो जाणारा.

आमचा जाणारा वेग कागदावर ५१२ किलोबिट होता. मी सलग आठ दिवस संध्याकाळी सात ते नऊ या वेळात, वायफायनं नव्हे, तार जोडून मोजला. सर्वांत कमी आकडा आला ४८०. तोच धरायचा. सरासरी धरू नका, कारण आपला श्रोता सरासरीच्या वेळी ऐकत नसतो, कार्यक्रमाच्या वेळी ऐकतो.

आता गणित करा. एका श्रोत्याला १२८. तिघांना ३८४. चौथा आला की ५१२. म्हणजे चौथ्या श्रोत्यालाच कॅन रिकामा. माझ्याकडे सात होते, ८९६ किलोबिटांची मागणी आणि ४८०चा पुरवठा. आणि दूध कमी पडलं की शेवटच्याला परत पाठवावं, तसं इथे होत नाही. सगळ्यांच्याच मापात कमी पडतं. प्रत्येकाच्या फोनमध्ये थोडासा आवाज साठवलेला असतो. तो साठा संपतो, फोन थांबतो, पुन्हा साठवतो, पुन्हा थांबतो. यालाच आत्या अडखळणं म्हणाली.

आणि भावाचं नेट का बंद पडलं? तो तर नुसतं बघत होता, पाठवत काहीच नव्हता. तर काही डाउनलोड करतानाही आपलं यंत्र मिळालेल्या प्रत्येक गठ्ठ्याची पोच पाठवत असतं. पोच जाते अपलोडच्याच रस्त्यानं. तो रस्ता मी तुंबवला होता. पोच पोचत नाही म्हणून समोरचा पुढचा माल पाठवत नाही. म्हणून पहिला नियम: जाणाऱ्या वेगाच्या पाऊणपटच वापरायचा, पाव भाग घरासाठी ठेवायचा. ४८०चे पाऊणपट ३६०. हे आपलं भांडवल.

आता हे ३६० कसे खर्च करायचे?

माझे वडील टेलिकॉम फॅक्टरीत होते. जबलपूर तसं संदेशवहनाचं गाव आहे. सैन्याच्या सिग्नल विभागाचं प्रशिक्षण केंद्र इथे, टेलिकॉमच्या अधिकाऱ्यांना शिकवणारी मोठी संस्था इथे, टेलिकॉम फॅक्टरीही इथलीच. वडील गेले त्याला बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या एका वहीत मला नोंद सापडली: टेलिफोनमधून माणसाचा आवाज ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच जातो. डिजिटल एक्स्चेंजमध्ये त्या आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतात, प्रत्येक नमुना ८ बिटांचा. म्हणजे ६४ किलोबिट. आयुष्यभर आपण बहिणीशी, आईशी बोललो ते या ६४ किलोबिटांत.

मग मला प्रश्न पडला. बोललेला शब्दच तर पाठवायचाय. सतार नाही, तबला नाही. मग १२८ आणि तेही स्टिरिओ कशाला? आईला तोंड एकच आहे. डाव्या कानाला वेगळी आई आणि उजव्या कानाला वेगळी, असं काही नसतं. स्टिरिओ काढून मोनो केलं.

दुसरं, आवाज बांधायची पद्धत, म्हणजे कोडेक. एमपी३ सगळ्यांना माहीत आहे, पण ती जुनी पद्धत. २४ किलोबिटांवर तिच्यातून माणूस डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. २०१२मध्ये ओपस नावाची पद्धत इंटरनेटचं अधिकृत मानक झाली. ती फुकट आहे, वापरायला कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत, आणि ६ किलोबिटांपासून ५१०पर्यंत कुठेही चालते. बोलण्यासाठी ती खास चांगली. ओपसमध्ये २४ किलोबिटांवर आईचा आवाज टेलिफोनच्या ६४ किलोबिटांपेक्षा स्वच्छ येतो. हे मी सांगतोय म्हणून मानू नका. घरी एकच उतारा दोन्ही पद्धतींनी बांधा आणि डोळे मिटून ऐका. मी आत्याला ऐकवला. ती म्हणाली, “यात ‘श’ आणि ‘स’ वेगळा कळतो.” टेलिफोनवर ‘श’ आणि ‘स’ची गल्लत होते, कारण त्यांच्यातला फरक बराचसा त्या ३४०० हर्ट्झच्या वर असतो. डोळे गेलेल्या बाईनं कोडेकची परीक्षा एका वाक्यात केली.

अडचण एवढीच की काही जुन्या फोनना आणि काही ब्राउझरना ओपस कळत नाही. त्यांच्यासाठी वेगळी एमपी३ची वाट ठेवली, ३२ किलोबिटांची, मोनो. आइसकास्टमध्ये अशा प्रत्येक वाटेला माउंट पॉइंट म्हणतात. एकाच स्टेशनला पाहिजे तितक्या वाटा काढता येतात.

आता हिशेब असा बसला. ओपसचे बारा श्रोते, प्रत्येकी २४, म्हणजे २८८. एमपी३चे दोन, ६४. एकूण ३५२. भांडवल ३६०. म्हणजे चौदा खुर्च्या. गणपतीच्या दिवशी तीन माणसांना धड ऐकू जाईना, त्याच तारेवर आता चौदा माणसं बसली. तार तीच, पैसे तेवढेच.

पण पंधरावा आला तर? हा निर्णय तांत्रिक नाही, घरगुती आहे. पंगतीत चौदा पानांचा स्वयंपाक असेल तर पंधराव्याला सांगावं की पुढच्या पंगतीला बसा. सगळ्यांच्या पानातलं थोडं थोडं काढून घेतलं तर कोणाचंच पोट भरत नाही. आइसकास्टच्या सेटिंगमध्ये प्रत्येक वाटेवर जास्तीत जास्त किती श्रोते हे लिहिता येतं. ते लिहाच. लिहिलं नाही तर दार सताड उघडं राहतं.

आणि त्यातली एक खुर्ची मी आत्याच्या नावानं बाजूला ठेवली. तिच्यासाठी वेगळी वाट, श्रोता संख्या एक. आवाज तोच, पण त्या वाटेवर दुसरं कोणी बसू शकत नाही. ज्या माणसासाठी स्टेशन काढलं तिलाच ‘जागा नाही’ असं ऐकावं लागलं तर त्या स्टेशनाचा उपयोग काय?

आता थोडं बारीक कामाचं सांगतो. ज्यांना नुसती गोष्ट ऐकायची आहे त्यांनी दोन मिनिटं चहा घ्यावा.

श्रोता जोडला गेला की आइसकास्ट त्याला सुरुवातीलाच एक मोठा घास देतं, म्हणजे लगेच ऐकू यावं आणि हाताशी थोडा साठा राहावा. हा घास मुळात ६४ किलोबाइटचा असतो. १२८ किलोबिटांच्या आवाजाला तो चार सेकंदांचा. पण २४ किलोबिटांच्या आवाजाला तोच घास एकवीस सेकंदांचा होतो. म्हणजे दर्जा खाली आणला की साठा आपोआप वाढतो, आणि श्रोत्याचं नेट वीस सेकंद गेलं तरी त्याला कळत नाही. फायदाच. तोटा असा की असा एक घास पाठवायला आमची सगळी तार एक सेकंदाहून जास्त वेळ अडते. बरोबर साडेसहाला चौदा जण एकदम आले तर पंधरा सेकंद सगळं ठप्प. यावर दोन उपाय केले. घास निम्मा केला, दहा-अकरा सेकंदांचा. आणि स्टेशन सव्वासहालाच उघडायचं ठरवलं. पंधरा मिनिटं नुसता तंबोरा. लोक हळूहळू येऊन बसतात. आता लोकांना तंबोऱ्याची इतकी सवय झालीय की एक दिवस मी तो लावला नाही तर तीन फोन आले.

वीज गेली तर? तंबोऱ्याचीच एक वेगळी वाट कायम चालू असते. मुख्य वाट तुटली की आइसकास्ट श्रोत्यांना आपोआप तिकडे नेऊन बसवतं, आणि वाचन पुन्हा सुरू झालं की परत आणतं. श्रोत्याला काही दाबावं लागत नाही. पण हे तेव्हाच, जेव्हा सर्व्हर आणि राउटर चालू असतील. मे महिन्यात जबलपुरात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो आणि बत्ती गुल होते ती नेमकी संध्याकाळी. म्हणून राउटरला छोटा यूपीएस लावा. लॅपटॉपची बॅटरी चांगली असेल तर तोच त्याचा यूपीएस. माझ्या लॅपटॉपची बॅटरी फुगली होती, ती मी काढून टाकली. फुगलेली बॅटरी कधीही चालवू नका, घर पेटेल.

पासवर्ड बदला. आइसकास्टच्या नमुना फाइलमध्ये पासवर्डच्या जागी ‘हॅकमी’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे ‘मला फोडा’. करणाऱ्यांनी चेष्टेनंच लिहिलंय, पण अनेक लोक तेच ठेवतात. मग एखाद्या संध्याकाळी आईच्या जागी भलताच कोणीतरी बोलायला लागेल.

आता कायद्याचं. आपण हवेतल्या लहरी वापरत नाही, म्हणून एफएमसारखा तरंगांचा परवाना इथे लागत नाही. सामुदायिक रेडिओ वेगळा. त्याची परवानगी संस्थांना मिळते, व्यक्तीला नाही. म्हसवडची माणदेशी तरंग किंवा पुणे विद्यापीठाची विद्यावाणी ही त्याची चांगली उदाहरणं. पण परवाना नाही म्हणजे कायदा नाही असं समजू नका. कॉपीराइट आहेच. लेखक गेल्यानंतर साठ वर्षं त्याचं लिखाण त्याच्या वारसांचं असतं. लक्ष्मीबाई टिळक १९३६ साली गेल्या. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, म्हणून २०११पासून त्यांचं लेखन सर्वांसाठी मोकळं आहे. हरि नारायण आपटे, गडकरी मोकळे आहेत. ज्यांचे हक्क शिल्लक आहेत त्यांच्या वारसांना आम्ही पत्र लिहितो. काही जण आनंदानं हो म्हणतात, काही नाही म्हणतात. नाही म्हणाले की वाचत नाही. आणि फिल्मी गाणं अजिबात लावत नाही. गाण्यात कवीचा हक्क वेगळा, संगीतकाराचा वेगळा, ध्वनिमुद्रिकेचा वेगळा. ते घरगुती स्टेशनाचं काम नव्हे. शिवाय गाणी काय, सगळीकडे मिळतात. आईचं वाचन कुठे मिळतं?

असं आमचं स्टेशन तीनेक वर्षं छान चाललं. मग घमापुरात फायबर आलं.

मी खूश. जाणारा वेग एकदम चाळीस मेगाबिट. मनात हिशेब केला, आता हजार माणसं बसतील! तार बदलली, आणि रेडिओ पूर्ण बंद. पाच दिवस एकही श्रोता येऊ शकला नाही. घरातून सगळं ठीक. बाहेरून दारच सापडत नाही. कंपनीला फोन केला की उत्तर एकच: “सर, आपका नेट तो चल रहा है.”

झालं होतं ते असं. इंटरनेटवर प्रत्येक घराला पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात कधीच संपले. त्यांच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११मध्ये वाटले गेले. म्हणून आता कंपन्या अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. मोठ्या वाड्याला एकच घर क्रमांक असावा तसं. तुम्ही बाहेर जाऊ शकता, पण बाहेरून येणाऱ्याला वाड्यातली तुमची खोली सापडत नाही. ओळखायची खूण सांगतो. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानं सुरू होत असेल तर तुम्ही अशा वाड्यात राहता. तिथे पोर्ट उघडून काही होत नाही.

उपाय तीन. एक, कंपनीकडून महिन्याचे जास्त पैसे देऊन कायमचा पत्ता घ्यायचा. दोन, नव्या पद्धतीचा पत्ता वापरायचा, पण मग सगळ्या श्रोत्यांकडेही तो हवा. तीन, दुसऱ्याच्या अंगणात मांडव घालायचा. म्हणजे इंटरनेटवर महिन्याला काहीशे रुपयांत छोटा सर्व्हर भाड्यानं मिळतो. आइसकास्ट तिथे ठेवायचं. घरातून तिथवर आवाजाची एकेकच प्रत जाते, पुढचं वाटप तो सर्व्हर करतो. आपण आतून बाहेर ढकलतोय, म्हणून वाड्याची अडचण येत नाही.

मी तिसरा मार्ग घेतला. आणि मंडळी, यातली गंमत बघा. घरच्या तारेवर आता किती भार? चोवीस अधिक बत्तीस, छप्पन्न किलोबिट. एवढं तर २००५ सालच्या ब्रॉडबँडवरही चाललं असतं. म्हणजे वेग वाढवून जे मिळवायला निघालो, ते वाटपाची जागा बदलून मिळालं. हे आधी सुचलं असतं तर चौदा खुर्च्यांचा हिशेब करावाच लागला नसता. पण तो केला म्हणूनच हे समजलं.

तुम्ही विचाराल, आता वेग भरपूर आहे, मग दर्जा पुन्हा १२८ का नाही केला? कारण मर्यादा फक्त आपल्या तारेला नसते. ती ऐकणाऱ्याच्या गावीही असते. आमचे एक श्रोते बालाघाटच्या पुढे जंगलाच्या कडेला राहतात, त्यांच्याकडे मोबाइलची एकच कांडी येते. आत्याचं बघा. रोज अर्धा तास ऐकलं तर चोवीस किलोबिटांना लागतात साडेपाच मेगाबाइटपेक्षाही कमी. महिन्याला एकशे साठच्या आसपास. स्वस्तातल्या स्वस्त रिचार्जमध्ये बसतं. हा दर्जा मी ठेवलाय तो त्यांच्यासाठी.

दोन-तीन प्रश्न नेहमी येतात, त्यांची उत्तरं देऊन टाकतो.

पहिला: एवढा खटाटोप कशाला, वाचन रेकॉर्ड करून व्हॉट्सअ‍ॅपवर का नाही पाठवत? खरं आहे. वीस मिनिटांची फाइल चार मेगाबाइटचीही होत नाही. आम्ही पाठवतोही, ज्यांचं चुकलं त्यांना. पण फाइल लोक ‘नंतर ऐकू’ म्हणून ठेवतात, आणि नंतर म्हणजे कधीच नाही. साडेसहाला सगळे एकाच वेळी ऐकताहेत, हे माहीत असणं वेगळं. वाचन संपलं की रायपूर बिलासपूरला फोन करतं आणि बिलासपूर इंदूरला.

दुसरा: म्हाताऱ्या माणसांना हे लावता कसं येतं? आत्याला फोनवरचं बटण दिसत नाही. तिच्याकडे आमच्या घरातला जुना व्हॉल्व्हचा रेडिओ होता, आतून मेलेला. त्याच्या लाकडी पेटीत एक रास्पबेरी पाय बसवलं, तळहाताएवढा संगणक. वीज मिळाली की ते आपलं आपण सुरू होतं आणि आत्याच्या वाटेवरचा आवाज लावतं. तिला फक्त भिंतीवरचा स्विच दाबायचा. मिनिटभर काही होत नाही, मग तंबोरा. ती म्हणते, “व्हॉल्व्ह तापायला पण एवढाच वेळ लागायचा.”

तिसरा: कंपनीची हरकत नसते का? घरगुती जोडणीवर सर्व्हर चालवू नये अशी अट काही करारांत असते. आपला करार वाचा. भाड्याच्या सर्व्हरवर आइसकास्ट ठेवलं की हा प्रश्न बहुतेक सुटतो, कारण घरातून मग फक्त आवाज पाठवणं उरतं.

शेवटचं सांगतो आणि थांबतो.

दोन वर्षांपूर्वी आईच्या घशाचं ऑपरेशन झालं. आता ती पाच मिनिटांच्या वर वाचू शकत नाही. मला वाटलं, स्टेशन बंद होणार. मी स्वतः वाचून पाहिलं. आत्या दुसऱ्या दिवशी म्हणाली, “तू तुझं मशीनच सांभाळ.”

मग पुतणी म्हणाली, “काका, मैं पढ़ूँ?” ती नववीत. शाळा हिंदी, मैत्रिणी हिंदी, घरात मराठी बोलते पण वाचायची सवय नाही. पहिल्या दिवशी तिनं ‘श्यामची आई’ वाचायला घेतलं आणि प्रत्येक ‘ळ’चा ‘ल’ केला. सगळं मराठी गुळगुळीत होऊन गेलं. वाचन संपायच्या आत आत्याचा फोन. इकडे पुतणी पुढे गेलेली आणि तिकडे पेटीतला आवाज बारा सेकंद मागे, त्यामुळे आत्या जी चूक दाखवत होती ती पुतणीला आठवेचना. शेवटी ठरलं की शिकवणी वाचनाच्या आधी घ्यायची. रोज सहा वाजता आत्या फोनवरून त्या दिवसाचं पान वाचून घेते. डोळ्यांनी तिला काही दिसत नाही, पण ‘श्यामची आई’ तिला जवळजवळ पाठ आहे. चुकलं की थांबवते. “डोळे म्हण. डोले नव्हे. माझे डोळे गेलेत, डोले नाही गेले.”

आता भाड्याच्या सर्व्हरवर शंभर श्रोत्यांची सोय आहे. काल मी आकडा बघितला. साडेसहाला किती जण होते सांगू? चौदा. आत्याची खुर्ची धरून.

तुमच्या घरात असा एखादा आवाज असेल, आणि दूर कुठे तो ऐकायला थांबलेला एखादा कान असेल, तर चोवीस किलोबिट पुरतात. आज संध्याकाळी आपल्या घरचा जाणारा वेग तेवढा मोजून ठेवा.